शून्याचे पैसे नाही

स्टँडवर चेतक चढवून कापगते म्हणाले,
"काटे बसवून दे. पन जुन्या टाइपचे.
पाहनाऱ्याले वाटलं पायजे, पयलेपासूनच होते."

काहून, मी विचारलं.
त्यांनी कानामागे पंजा धरला.
मी पुन्हा विचारलं, एवढ्या मोठ्यानं
की पानठेल्यावरची दोन माणसं वळून पाहू लागली.
मग आम्ही सगळेच गप्प.

एकतीस वर्षं राइस मिलचा पट्टा सांभाळला होमराज कापगतेंनी.
केसांत कोंडा, हाडांत हलरची घरघर.
तेव्हा गाडीला काटा एकच, तोही मोडका,
आणि कोणाला लागत होता?
चाळीसला इंजिन गुणगुणायचं, पन्नासला दात खायचं.
पेट्रोल बघायचं तर गाडी आडवी हलवायची, कान द्यायचा:
डुबुक म्हणालं तर लाखनीपर्यंत,
चळक म्हणालं तर नुसतं घरापर्यंत.

आता ती मुकी चालते.

भंडाऱ्याच्या मोडीतून आणलेल्या परातीचा तळ कापला.
पालथा केला तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
गिरजाबाईस, भावाकडून.
कोणाची कोण.
कानस थोडा वेळ हातातच राहिली.
मग नाव आतल्या अंगाला घेतलं, वायरींकडे तोंड करून.
बाहेरून चिंच, राख, सुतळीचा घासा.
"लय चमकवू नोको," कापगते म्हणाले,
"नवरदेव नाही न्यायचा."

डावीकडे त्याच मिलचा अँपिअर मीटर,
मोडीवाल्यानं दीडशेला सोडला.
साठ अँपिअरचा गडी तो,
स्कूटरच्या विजेनं डोळासुद्धा उघडेना.
कवच ठेवलं, आतडं बदललं.
काचेला आतून कोंडा चिकटला होता. तो पुसला नाही.

उजवीकडे पेट्रोल.
लुनाच्या कार्बोरेटरचा फ्लोट, सायकलची एक तार,
आणि टाकीच्या तोंडाशी
मेलेल्या रेडिओचं आवाजाचं बटण.
पेट्रोल उतरतं तसं ते फिरतं,
आवाज कमी होतो,
म्हणजे काटा खाली येतो.
हे त्यांना दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा कागदावर.

आकडे डाकराम पेंटरचे.
दिवाळी झाली की नाटकांच्या बोर्डांतून तो सापडत नाही,
म्हणून पोळ्याच्या आधीच गाठला.
दहा ते ऐंशी, करंगळीच्या नखाएवढे,
पोटुशी पाच, कंबरेत लचकलेला सहा.
"ऐंशी काहून? जाते का चेतक ऐंशी?"
"नाही जात. पण तबकडी भरली पाहिजे."
श्वास रोखून लिहिलं त्यानं, ब्रशात तीनच केस.
"आकड्याचे वीस," म्हणाला. "शून्याचे पैसे नाही."
एकशे साठ झाले.

मग रस्ता.
पालांदूर सातच्या दगडापासून सहाच्या दगडापर्यंत
नव्वद सेकंद, म्हणजे चाळीस.
काटा म्हणे सेहेचाळीस.
रात्री बल्बखाली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं वाकवली,
सकाळी पुन्हा सात ते सहा,
पुन्हा रात्री.
चौथ्या दिवशी दगड आणि काटा एक बोलले.

शेवटी एक हिरवा दिवा मी आपल्या मनानं लावला,
मसुरीच्या दाण्याएवढा, हॉर्नच्या बटणाला जोडून.
"हा कायचा?"
तुमचा हॉर्न वाजतो का नाही, ते तुम्हाला कळावं म्हणून.
कागदावर लिहून दिलं.
त्यांनी वाचलं, घडी करून खिशात टाकलं,
पैसे मोजले, एक नोट जास्त.
जाताना मात्र सवयीनं गाडी आडवी हलवली,
कान खाली नेला,
मग आठवलं. उजवीकडे पाहिलं.
काटा अजून डुलत होता.

हे श्रावणातलं.
आता दिवस कलला की नहराच्या रस्त्यानं जातात ते.
दोन्हीकडे धान, रस्त्यावर बकरीसुद्धा नसते त्या वेळी.
मी शटर अर्धं ओढलेलं असतं,
हातात कोणाचं तरी घड्याळ.

पोंऽ, तिकडून.
थोड्यानं, पुलाच्याही पलीकडून,
पुन्हा एकदा, पोंऽ.